साडेचारचा आकडा : ट्रकच्या ॲव्हरेजचा एक अभ्यास

भिलाई हे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर उभा राहतो तो तेथील पोलाद कारखाना. सोव्हिएत संघाबरोबर १९५५ साली झालेल्या करारानुसार उभारलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. दल्ली-राजहराचे लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक यांच्या आधारे येथे पोलाद तयार होऊ लागले आणि भिलाईचे रूळ देशभर पोहोचले. खनिज आणि रूळ यांची ने-आण प्रामुख्याने आगगाडीने होते. परंतु कारखान्याच्या आसपास जे शेकडो लहान-मोठे उद्योग वाढले, त्यांच्या सळ्या, पत्रे, सुटे भाग आणि जामुल परिसरातील सिमेंट यांचा मोठा भार वाहतो तो मात्र ट्रक.

हे ट्रक ज्या रस्त्याने पश्चिमेकडे निघतात, तो मराठी माणसाला परका नाही. १८५४ पर्यंत छत्तीसगड हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता आणि दुर्ग-राजनांदगाव परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, म्हणजे आजचा क्रमांक ५३, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा अशी गावे मागे टाकीत नागपूरला पोहोचतो. या मार्गावरील मालवाहतुकीला आपल्या बँकेसारख्या अनेक बँकांनी कर्जे दिलेली आहेत. त्या कर्जांची परतफेड ज्या एका आकड्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, त्याचा अभ्यास प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो आकडा म्हणजे एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर धावते हा. ट्रक व्यवसायात त्याला सर्वजण ‘ॲव्हरेज’ म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

पासबुकातील एक नोंद

भिलाईतील शाखेत काम करीत असताना एके दिवशी एक ट्रकचालक पासबुक भरून घेण्यासाठी आला. मूळचा साकोलीकडचा, वय पन्नाशीच्या आसपास. छापून आलेली नोंद त्याने दोनदा वाचली आणि विचारले, “साहेब, ह्या महिन्यात बँकेनं पैसे कापले का जी?”

खाते पाहून मी म्हटले, “नाही, बँकेने काहीच कापलेले नाही. पगाराची जमाच कमी आली आहे. ३,७०५ रुपयांनी कमी.”

“मंग हे ॲव्हरेजचे कापले,” तो म्हणाला. “गाडी साडेचार देतच नाही साहेब. मी ते कुठून आणू?”

योगायोगाने त्याचे मालकही आमच्याच शाखेचे कर्जदार होते. दहा-बारा ट्रकांचा व्यवसाय, हप्ते वेळेवर भरणारे, हिशेबाला चोख. पुढे एकदा ते शाखेत आले असता मी विषय काढला. त्यांनी आढेवेढे न घेता डिझेलची नोंदवही समोर ठेवली. “लिटरला साडेचार किलोमीटर हे आमचे प्रमाण. त्यापेक्षा कमी आले, तर फरकाचे डिझेल चालकाच्या पगारातून. जास्त आले, तर त्याला बक्षीस. यात अन्याय काय?” असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न रास्त होता. ट्रकच्या चालू खर्चात सर्वांत मोठा वाटा डिझेलचाच असतो. अनेकदा तो निम्म्याच्या आसपास जातो. रस्त्यात डिझेल विकले जाण्याची मालकांची भीतीही सर्वस्वी निराधार नाही. डोळ्यांआड शेकडो किलोमीटर धावणाऱ्या गाडीवर नियंत्रण ठेवण्यासाठी मालकाला काही तरी माप हवेच. मुद्दा एवढाच उरतो की, हे माप नेमके कशाचे मोजमाप करते? दोघांच्या संमतीने मी ती नोंदवही अभ्यासली. पुढील उदाहरणात आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत.

साडेचार आला कोठून?

भिलाई ते नागपूर हे एका बाजूचे अंतर २७० किलोमीटर धरू. जाऊन-येऊन एक फेरी ५४० किलोमीटरची. तीन आसांचा, म्हणजे दहा चाकी ट्रक १८ टन माल घेऊन निघतो. रिकाम्या गाडीचे वजन सुमारे १० टन. नोंदवहीप्रमाणे भरलेली गाडी लिटरला साधारण ४ किलोमीटर आणि रिकामी गाडी साधारण ६ किलोमीटर धावत होती.

मागील वर्षांत या मालकांना नागपूरहून परतीचा माल क्वचितच मिळे. गाडी भरून जाई आणि रिकामी येई. म्हणजे जाताना २७० भागिले ४, बरोबर ६७.५ लिटर आणि येताना २७० भागिले ६, बरोबर ४५ लिटर. एकूण ११२.५ लिटरमध्ये ५४० किलोमीटर, म्हणजेच लिटरला ४.८. त्यात थोडी सवलत देऊन मालकांनी ४.५ हे प्रमाण ठरविले. त्या परिस्थितीत ते उदारच म्हणावे लागेल.

पुढे मालकांनी खटपट करून नागपूरजवळच्या उद्योगांकडून परतीचा माल मिळविला. काही गाड्या दोन्ही बाजूंनी भरून धावू लागल्या. धंद्याच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती. परंतु दोन्ही बाजूंनी भरलेल्या गाडीचे ॲव्हरेज आपोआप ४ वर आले. प्रमाण मात्र ४.५ च राहिले. मालकाच्या यशामुळे जे डिझेल अधिक लागू लागले, त्याची वसुली चालकाच्या पगारातून होऊ लागली आणि ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात आलेली नव्हती.

दोन फेऱ्यांचा पडताळा

आता एकाच आठवड्यातील दोन फेऱ्या शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

पहिला चालक म्हणजे पासबुक घेऊन आलेले गृहस्थ. त्यांची गाडी दोन्ही बाजूंनी भरलेली होती. ५४० किलोमीटरला १३३ लिटर डिझेल लागले, ॲव्हरेज ४.०६. साडेचारच्या हिशेबाने त्यांना १२० लिटर मंजूर. म्हणून १३ लिटर जादा. लिटरला ९५ रुपये धरल्यास कपात १,२३५ रुपये. अशा तीन फेऱ्यांचे मिळून ३,७०५ रुपये. पासबुकातील तूट ती हीच.

दुसरा चालक माल पोहोचवून रिकामा परतला. त्याला ११८ लिटर लागले, ॲव्हरेज ४.५८. मंजूर १२० लिटरमधून २ लिटर वाचले, म्हणून त्याला बक्षीस.

आता हेच दोन हिशेब कामाच्या स्वरूपाप्रमाणे मांडू. दोन्ही बाजूंनी भरलेल्या गाडीला लिटरला ४ किलोमीटरप्रमाणे १३५ लिटर लागावयास हवे होते. पहिल्या चालकाने १३३ लिटरच वापरले, म्हणजे २ लिटर वाचविले. एका बाजूने रिकाम्या आलेल्या गाडीला ११२.५ लिटर पुरावयास हवे होते. दुसऱ्याने ११८ वापरले, म्हणजे साडेपाच लिटर अधिक खर्चिले. ज्याने वाचविले त्याला दंड आणि ज्याच्या गाडीत जादा खर्च झाला त्याला बक्षीस, असा उलटा न्याय येथे झाला. चुकीचे प्रमाण चांगल्या कामाला शिक्षा करते, हा त्याचा एक दोष झाला. ते खरी उधळपट्टी झाकून ठेवते, हा मालकाच्या दृष्टीने त्याहून मोठा दोष होय.

मालवाहतुकीत खरे उत्पादन म्हणजे वाहून नेलेला भार. तो टन-किलोमीटरमध्ये मोजतात. पहिल्या गाडीने १८ टन माल ५४० किलोमीटर नेला, म्हणजे ९,७२० टन-किलोमीटर. प्रत्येक टन-किलोमीटरला सुमारे १३.७ मिलिलिटर डिझेल. दुसऱ्या गाडीने ४,८६० टन-किलोमीटर काम केले. प्रत्येकी सुमारे २४.३ मिलिलिटर. ज्या गाडीचे ॲव्हरेज कमी, तीच मालकाला प्रत्येक टनामागे कितीतरी स्वस्त पडली.

डिझेल जाते कोठे?

ॲव्हरेज कशाने बदलते, हे समजून घेण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र उपयोगी पडते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. चांगल्या अवस्थेतील इंजिन त्यापैकी सुमारे दोन पंचमांश, म्हणजे १४ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा प्रत्यक्ष कामी लावते. उरलेली उष्णतेच्या रूपाने निघून जाते. या आधारावर २८ टनांच्या भरलेल्या ट्रकचे काही ढोबळ हिशेब करता येतात.

पहिला हिशेब थांबण्याचा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पूर्ण थांबली, की तिची गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये तापून नष्ट होते. तोच वेग पुन्हा मिळविण्यास सुमारे पाव लिटरच्या जवळ जाणारे, निदान पाचवा हिस्सा लिटर तरी डिझेल लागते. ४ च्या ॲव्हरेजने धावणाऱ्या गाडीसाठी हे जवळजवळ पाऊण किलोमीटरचे डिझेल झाले. मार्गात असे तीस वेळा थांबावे लागले, तर ६ लिटर त्यातच गेले.

दुसरा हिशेब चढाचा. २८ टनांची गाडी १०० मीटर उंच चढविण्यास सुमारे २ लिटर डिझेल लागते. रिकाम्या गाडीला पाऊण लिटरही लागत नाही. नागपूरचा रस्ता त्या मानाने सपाट. परंतु भिलाईहून जगदलपूरकडे जाणाऱ्या गाडीला कांकेरच्या पुढे केशकाल घाटाची बारा वळणे चढावी लागतात. या दोन मार्गांना एकच प्रमाण लावणे म्हणजे डोंगरावरच्या आणि काळ्या जमिनीतल्या शेतकऱ्याकडून एकरी सारखेच पीक मागणे होय.

तिसरा हिशेब वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ५० ऐवजी ७० किलोमीटरने गाडी पळविली, तर हा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. ताडपत्री सैल बांधलेली असेल, तर त्यात आणखी भर.

चौथा हिशेब उभ्या गाडीचा. इंजिन चालू ठेवून उभी असलेली अवजड गाडी ताशी साधारण २ लिटरच्या आसपास डिझेल पिते. कारखान्याच्या दाराशी रांग असते, दर दहा मिनिटांनी गाडी दोन पावले पुढे घ्यावी लागते आणि वारंवार इंजिन बंद-चालू करणे चालकाच्या जिवावर येते. तीन तास असे गेले, तर ६ लिटर खर्च होतात आणि किलोमीटर मात्र जवळपास शून्य.

शासनाचे प्रमाणही एक नाही

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये १२ टनांहून अधिक वजनाच्या वाहनांसाठी इंधनवापराची प्रमाणे अधिसूचित केली. ती लक्षपूर्वक पाहिल्यास दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, ही प्रमाणे सर्व ट्रकांना एकच नाहीत. गाडीचे एकूण वजन आणि आसांची संख्या यांनुसार ती बदलतात. दुसरी अशी की, ट्रकची चाचणी ताशी ४० आणि ६० किलोमीटर अशा स्थिर वेगाने, चाचणीच्या मार्गावर होते. तेथे ना रांग, ना घाट, ना बाजाराचा दिवस. असे माप गाडीची गाडीशी तुलना करण्यास योग्य आहे. त्यावरून चालकाचा पगार ठरविता येणार नाही. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील आकड्याबाबतही हीच सावधगिरी बाळगावी.

शिवाय गाड्याही बदलल्या आहेत. जुलै २०१८ मध्ये आसांवरील भाराची मर्यादा वाढविण्यात आली आणि तीन आसांच्या ट्रकचे कमाल एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानकांच्या गाड्या आल्या. एकाच ताफ्यात जुन्या व नव्या, हलक्या व जड गाड्या असताना सर्वांना एकच आकडा लावणे शास्त्राला धरून नाही.

कोणाच्या हाती काय?

परिव्यय लेखाशास्त्राचा एक मूलभूत नियम आहे. ज्या खर्चावर ज्याचे नियंत्रण, त्या खर्चाचीच जबाबदारी त्याच्यावर टाकावी. या नियमाने ॲव्हरेजचे घटक तीन गटांत विभागता येतात.

चालकाच्या हाती असलेल्या गोष्टी अशा : वेग बेताचा ठेवणे, योग्य वेळी गिअर बदलणे, पुढचा अडथळा दुरून हेरून ॲक्सिलरेटर आधीच सोडणे, उभ्या गाडीचे इंजिन शक्य तेव्हा बंद करणे, निघण्यापूर्वी टायरमधील हवा पाहणे.

मालकाच्या हाती असलेल्या गोष्टी अशा : इंजेक्टर, एअर फिल्टर व ब्रेक यांची वेळेवर देखभाल, टायरांची अवस्था, भार किती घालावयाचा, कोणत्या मार्गाने व किती वाजता निघावयाचे, आणि पोहोचण्याची मुदत किती द्यावयाची. “हळू चालव आणि डिझेल वाचव,” असे एका बाजूने सांगून “सकाळी सहाच्या आत गाडी लागलीच पाहिजे,” असे दुसऱ्या बाजूने बजावल्यास चालकाला एक आज्ञा मोडावीच लागते.

दोघांच्याही हाती नसलेल्या गोष्टी म्हणजे पाऊस, समोरचा वारा, रस्त्याचे काम, अपघाताने झालेली कोंडी आणि डिझेलचा दर. डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि १६ जून २०१७ पासून ते दररोज बदलू शकतात. म्हणून दरवाढीमुळे वाढलेला खर्च आणि वापर वाढल्यामुळे वाढलेला खर्च हे वेगवेगळे मांडावेत. लेखाशास्त्रात यांना दर-विचलन आणि वापर-विचलन म्हणतात. चालकाशी बोलताना नेहमी लिटरमध्ये बोलावे. रुपयांमध्ये बोलल्यास दोन्ही विचलनांची सरमिसळ होते.

न्यूट्रलचा मोह

अशक्य प्रमाण गाठण्याच्या धडपडीत चालक कधीकधी धोकादायक मार्ग पत्करतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा त्यांतील सर्वांत जुना. त्यामुळे डिझेल वाचते, असा समज आजही आढळतो. आधुनिक इंजिनांच्या बाबतीत तो चुकीचा आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर चाकेच इंजिन फिरवितात आणि इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल खर्च करावेच लागते. म्हणजे बचत काहीच नाही. आणि इंजिनाचा अटकाव नाहीसा झाल्याने २८ टनांचा सारा भार ब्रेकवर येतो. घाटात तापलेले ब्रेक निकामी झाल्यास एका लिटरच्या हिशेबात माणसाचा जीव जाऊ शकतो.

एअर कंडिशनर असूनही बंद ठेवणे, रात्रीची झोप टाळून थंड वेळेत गाडी रेटणे, हेही याच दडपणाचे परिणाम होत. इंधन बचत अवश्य व्हावी. पण ती प्रशिक्षणातून व्हावी. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ ही शासकीय संस्था, जी पी.सी.आर.ए. या नावाने ओळखली जाते, चालकांसाठी असे प्रशिक्षण घेते. मालकांनी त्याचा लाभ घ्यावा.

लवचिक प्रमाण कसे बांधावे?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘लवचिक अंदाजपत्रक’ ही संकल्पना परिचित असते. काम जेवढे आणि जसे झाले, त्यानुसार मंजूर खर्च बदलतो, एवढाच तिचा अर्थ. ट्रकच्या डिझेलला ती लावणे कठीण नाही. त्यासाठी पुढील पायऱ्या सुचवाव्याशा वाटतात.

१. प्रत्येक प्रकारच्या गाडीसाठी भरलेल्या व रिकाम्या स्थितीतील ॲव्हरेज वेगवेगळे काढावे. त्यासाठी एखाद्या विश्वासू, अनुभवी चालकाबरोबर नेहमीच्या मार्गावर तीन-चार चाचणी फेऱ्या कराव्यात.

२. मार्गनिहाय फरक करावा. सपाट मार्ग आणि घाटाचा मार्ग यांची प्रमाणे निराळी असावीत.

३. इंजिन चालू ठेवून थांबावे लागलेल्या तासांची नोंद घ्यावी. माल भरण्याच्या व उतरविण्याच्या ठिकाणी आत-बाहेर जाण्याची वेळ बहुधा पावतीवर असते. जीपीएस असल्यास ती आपोआप मिळते.

४. मंजूर डिझेल पुढीलप्रमाणे काढावे : भरलेले किलोमीटर भागिले भरलेल्या गाडीचे ॲव्हरेज, अधिक रिकामे किलोमीटर भागिले रिकाम्या गाडीचे ॲव्हरेज, अधिक थांब्याचे तास गुणिले तासाचा वापर.

५. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये. महिन्याभराच्या फेऱ्यांची बेरीज घ्यावी.

६. हंगामानुसार आणि गाडीच्या वयानुसार प्रमाणांचा वर्षातून दोनदा तरी फेरविचार करावा.

समजा, पहिल्या चालकाला आणखी तीन तास रांगेत काढावे लागले असते, तर त्याचे मंजूर डिझेल १३५ अधिक ६, म्हणजे १४१ लिटर झाले असते. हा हिशेब एका साध्या वहीत मावतो. संगणकाचीही गरज नाही.

मोजमापातील चुका

प्रमाण कितीही चांगले असले, तरी मोजणी कच्ची असेल तर ते व्यर्थ. टाकी काठोकाठ भरून निघणे आणि परतल्यावर पुन्हा काठोकाठ भरणे, ही त्यांतल्या त्यात विश्वसनीय पद्धत. परंतु पंपाची जमीन किंचित उतरती असली किंवा फेस बसण्यापूर्वीच नळी काढली, तरी काही लिटरांचा फरक पडतो. १२० लिटरच्या फेरीत ५ लिटरची चूक म्हणजे ४ टक्के झाले. साडेचारच्या आकड्यात एवढीच चूक ४.३ किंवा ४.७ असे दाखवील. म्हणून शक्यतो एकाच पंपावर, त्याच जागी गाडी उभी करून टाकी भरावी.

अंतर मोजण्यातही गफलत होते. नव्या टायरची नक्षी सुमारे १५ मिलिमीटर खोल असते आणि अशा मोठ्या टायरची त्रिज्या अर्ध्या मीटरच्या आसपास असते. टायर झिजला की चाक लहान होते, तेवढ्याच अंतरासाठी अधिक फेरे घेते आणि मीटरवर अंतर सुमारे ३ टक्क्यांपर्यंत अधिक दिसू शकते. उलट नवे टायर घातल्याबरोबर ‘गाडीचे ॲव्हरेज पडले’ अशी तक्रार सुरू होते. प्रत्यक्षात बदललेले असते ते मोजण्याचे साधन.

कपातीविषयी दोन शब्द

पगारातून कपात करण्याचा अधिकार अमर्याद नाही. १९३६ च्या वेतनप्रदान अधिनियमात जे तत्त्व होते, तेच २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. हानीपोटी कपात करावयाची, तर ती हानी कामगाराच्या हलगर्जीपणामुळे वा कसुरीमुळे झालेली असावी लागते. त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. आणि कपात प्रत्यक्ष हानीपेक्षा अधिक असून चालत नाही. परतीचा माल भरल्यामुळे जे डिझेल अधिक लागले, त्यात हानी कोठे आणि कसूर कोणाची? कायद्याची भीती बाजूला ठेवली, तरी व्यवहार म्हणूनही हे परवडणारे नाही. चांगला चालक नोकरी सोडून गेला, तर नवा मिळेपर्यंत गाडी उभी राहते आणि उभ्या गाडीचा हप्ता काही थांबत नाही.

बँकेसाठी बोध

हा विषय आपल्या सहकाऱ्यांच्या दैनंदिन कामाशीही निगडित आहे. ट्रकच्या कर्जप्रस्तावात ॲव्हरेजचा एक आकडा असतोच. बहुधा तो माहितीपत्रकातून उतरविलेला असतो आणि छाननी करताना आपणही त्यावरून सहज नजर फिरवितो. माझ्या हातूनही प्रारंभीच्या काळात असे घडले आहे. महिन्याला ८,००० किलोमीटर धावणारी गाडी ४.५ ऐवजी ४ चे ॲव्हरेज देऊ लागली, तर १,७७८ ऐवजी २,००० लिटर डिझेल लागते. ९५ रुपये दराने हा फरक दरमहा २१,००० रुपयांहून अधिक होतो. एकाच गाडीवर उपजीविका असणाऱ्या कर्जदाराचा हप्ता चुकण्यास एवढे पुरेसे आहे.

म्हणून प्रस्ताव पाहताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हे ॲव्हरेज भरलेल्या गाडीचे की रिकाम्या? परतीच्या भाड्याची शक्यता किती? आणि ॲव्हरेज अर्ध्या किलोमीटरने घटले, तर हप्ता निघतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर मुदत वा मार्जिन यांचा फेरविचार कर्ज देण्यापूर्वीच करणे हे कर्जदाराच्या आणि बँकेच्या, दोघांच्याही हिताचे ठरते.

समारोप

मालकांना मी दोन फेऱ्यांचा हा हिशेब कागदावर मांडून दाखविला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे परतीचा माल मी आणला आणि त्याचे डिझेल त्याच्याकडून घेतले.” पुढच्या महिन्यापासून त्यांच्या नोंदवहीत भरलेले किलोमीटर, रिकामे किलोमीटर आणि थांब्याचे तास असे तीन नवे रकाने दिसू लागले. ज्या दुसऱ्या गाडीला साडेपाच लिटर जादा लागले होते, तिच्या चालकावर ठपका ठेवण्यापूर्वी त्यांनी गाडी गॅरेजला दाखविली. मागच्या एका चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नसल्याचे आढळले. चोरी नव्हती, हलगर्जीपणाही नव्हता. साडेचारच्या आकड्याने मात्र ती गाडी निर्दोष ठरविली होती.

हिशेबातील विचलन हा निकाल नसून विचारावयाचा प्रश्न असतो, हे आपण महाविद्यालयात शिकतो आणि पुढे विसरतो. साकोलीच्या त्या चालकाने पासबुक पुढे करून हाच प्रश्न विचारला होता. त्याच्या पुढच्या महिन्याच्या पासबुकात पगाराची पूर्ण रक्कम जमा होती आणि त्याखाली आणखी एक नोंद होती : ३,७०५ रुपये.